पऱ्हाटीची राख

घरात गॅस आला तेव्हा सगळे खूश होते, एक माणिकबाई सोडून. चूल गेल्याचं तिला काही वाटलं नाही. धुरानं डोळे चुरचुरायचे ते थांबले, बरंच झालं. तिचं दुखणं राखेचं होतं. चुलीबरोबर राखही गेली, आणि राखेवाचून संसार कसा करायचा हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सून मंजुषानं अकोल्याहून भांड्यांच्या साबणाची हिरवी वडी आणली. माणिकबाईनं त्या वडीनं एकदा कढई घासली, हाताचा वास घेतला आणि जाहीर करून टाकलं की आता या घरातल्या वरणालाही अत्तराचा वास येणार. तिच्या शब्दापुढे जायची घरात कुणाची टाप नव्हती. नवरा उत्तमराव तर लग्नाच्या मांडवातच गप्प झाला तो झालाच, असं लोक म्हणायचे.

बरं, राख काय नुसती भांड्यांना लागते? माळ्याचं घर ते. वांग्यावर मावा पडला की सकाळी पानांवर दव असताना राख धुरळायची, बियाणं राखेत घोळून ठेवायचं, आणि उठल्यावर पहिल्यांदा राखेच्या चिमटीनं दात घासायचे. साठी उलटली तरी माणिकबाईचे सगळे दात जागच्या जागी होते, आणि ते दाखवायची एकही संधी ती सोडत नसे.

म्हणून पंचफुला एका सकाळी घमेलंभर राख घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा माणिकबाईला माहेरचं माणूस आल्यासारखं झालं. पंचफुला पूर्वी त्यांच्याच मळ्यात निंदायला यायची. आता ती किसनरावाच्या पडीत वावरात जायची. मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागून असलेलं ते वावर अकोल्याच्या एका भंगारवाल्यानं भाड्यानं घेतलं होतं आणि भोवताली टिनाचे पत्रे ठोकले होते. आत पोती होती, आणि पोत्यांत मोबाईल. मोटरसायकलवर टब-बादल्या लादून, खराब मोबाईल द्या अन् टब घ्या असं ओरडत गावोगाव फिरणारे लोक असतात ना, त्यांनी गोळा केलेलं सगळं शेवटी इथं यायचं. फुटक्या काचेचे, फुगलेल्या बॅटरीचे, कुणी हौसेनं घेतलेले आणि वर्ष-दोन वर्षांत कंटाळून ड्रॉवरमध्ये टाकलेले मोबाईल, शिवाय चार्जर आणि जुन्या टीव्ही-कॉम्प्युटरचं पोटातलं सामान.

बायांचं काम सोपं होतं. ते फोडायचं आणि आतली हिरवी पट्टी काढायची. कापूस संपल्यावर उपटलेली पऱ्हाटी पेटवून तिच्यावर भोकाभोकाचा पत्रा ठेवायचा, पत्र्यावर पट्टी तापवायची, आणि तुकडे जोडणारा धातूचा डाग सुटला की चिमट्यानं बारीक बारीक तुकडे उचलून वेगळे करायचे. वितळलेला डाग चांदीसारखा चकाकत भोकांतून खाली जाळात थेंब थेंब पडायचा. त्याचं कुणाला काही नव्हतं. दिवस मावळता जाळ विझायचा आणि खाली पऱ्हाटीची राख उरायची, पिठासारखी मऊ आणि पांढरी. ती फेकून द्यायला पंचफुलाच्या जिवावर यायचं. तिला माणिकबाईची आठवण झाली, यात तिची चूक एवढीच की तिला माणसांची आठवण राहायची.

माणिकबाईनं ती राख जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळली आणि डब्यात भरली. दर आठवड्याला नवं घमेलं येऊ लागलं. घरातली भांडी पुन्हा आरशासारखी झाली. वांगी सुधारली. आणि नात आचल रोज सकाळी ओसरीवर आजीपुढं बसून तोंड उघडायची, माणिकबाई बोटानं तिचे एवढेसे दात घासून द्यायची. पोरीच्या तोंडाला साखरेची, वासाची ती पेस्ट लागू द्यायची नाही, यावर आजीचा कटाक्ष होता.

आचलचं बोलणं म्हणजे नुसता धबधबा. तीन वर्षांची होती तेव्हा तिचं तोंड झोपेत बंद असायचं तेवढंच. तिचा बाप मनोज आणि मंजुषा पहाटे भाजी घेऊन अकोल्याच्या बाजारात जायचे. मनोज माल उतरवून दुपारच्या आत मळ्यावर परत यायचा, मंजुषा मात्र दुकानावर बसायची ती दिवेलागणीला घरी. तोवर आचल आजीच्या पदराला. वांग्याशी बोलायची, मोटरच्या आवाजाशी बोलायची, आजोबांना नावानं हाक मारायची. उत्तमराव एरवी कुणाला ओ देत नसत, पण तिला द्यायचे.

संध्याकाळी मंजुषा थकून यायची आणि पोरीला भरवताना समोर मोबाईल धरायची. त्यात गाणी लागायची, पोरगी बघत बघत दोन घास जास्त खायची. कधी मंजुषा त्याच मोबाईलमध्ये पोरीचं बोलणं भरून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नसलं की पाहत बसायची. माणिकबाईला तो मोबाईल डोळ्यासमोर नको असे. तिनं स्वतः उभ्या आयुष्यात मोबाईल कानाला लावला नव्हता.

चार वर्षांची झाली आणि आचल बदलायला लागली. आधी पोट दुखतं म्हणायची. मग जेवण टाकलं. रंग उतरला, गालावरचं तेज गेलं. बारीकसारीक गोष्टीवरून अंग टाकून रडायची. आणि मग हळूहळू तिचं बोलणं आटलं. सुरुवातीला कुणाच्या लक्षातच आलं नाही. उलट पोरगी शहाणी झाली असं एक-दोघं म्हणाले. पण ज्या दिवशी तिनं तांब्याकडं बोट दाखवून नुसतं ऊं ऊं केलं, पाणी हा शब्द तिला सापडला नाही, त्या दिवशी माणिकबाईनं तिच्यासमोर तांब्या धरून पाणी म्हण, पाणी म्हण असं पुन्हापुन्हा सांगून पाहिलं.

गावाला कारण लगेच सापडलं. मोबाईल. शेजारी-पाजारी सगळ्यांचं एकमत होतं. गावच्या डॉक्टरनं जंताचं औषध दिलं आणि जाता जाता मोबाईल दाखवू नका असं तोही म्हणाला. मग काय, माणिकबाईच्या तोंडाला धारच चढली. येता-जाता ती सुनेला बोलायची. पोरगी मायनंच खाल्ली, स्वतःला दोन घटका आराम पाहिजे म्हणून पोरीचा मेंदू त्या डबीला देऊन टाकला, असं आल्यागेल्यासमोर सांगायची. मंजुषाला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं. तिनं पोरीसमोर मोबाईल काढणं बंद केलं. तरी पोरगी उतरतच गेली.

एके दिवशी मंजुषा मोबाईल घरी विसरून बाजारात गेली. आचलनं तो शोधून काढला आणि काळ्या काचेकडं बघत बसली. माणिकबाईनं ते पाहिलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पंचफुला नेमकी राख टाकायला आली होती. माणिकबाईनं रिकामं घमेलं तिच्या हातात दिलं आणि त्यात मोबाईल टाकला. आज हाही तुझ्या त्या पत्र्यावर जाऊ दे, म्हणाली.

पंचफुलानं तो उलटसुलट करून पाहिला. "चालू हाय न वो हा, काकू."

"म्हनूनच टाक म्हनते. बंद असता तं कायले टाकला असता?"

संध्याकाळी मंजुषाला कळलं तेव्हा ती चप्पल न घालता किसनरावाच्या वावराकडं पळाली. पत्रा थंड झाला होता. ती रिकाम्या हातानं परत आली आणि ओसरीवर बसली. तिच्या गालावर आसवांचे ओघळ होते, पण आवाज चढला नव्हता.

"आत्याबाई, त्याच्यात माही बोलती पोरगी होती," ती म्हणाली.

माणिकबाईला आत कुठंतरी लागलं. पण माघार घ्यायची तिला सवय नव्हती. पोरगी समोर बसली आहे, ती डबीत कशाला शोधतेस, असं काहीतरी ती पुटपुटली आणि भांडी घासायला बसली. ते फोटो-बिटो आपोआप दुसरीकडं साठतात असं मनोज म्हणाला होता. पाहिलं तर ते केव्हाच बंद पडलेलं. पोरीचा एक शब्दही कुठं उरला नाही. माणिकबाईनं त्या रात्री पोरीचा दुधाचा पेला दोनदा राखेनं घासला. तिची माया ही अशी, हातातून निघायची.

पुढच्याच आठवड्यात दुपारी आचलला झटका आला. डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले. मंजुषाचा भाऊ अमरावतीला राहतो, त्यानं तिथल्या लेकरांच्या दवाखान्यात सोय केली. मनोजनं भाजीच्या गाडीतच सगळ्यांना घातलं आणि निघाला. वाटेत माणिकबाई पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि दिसेल त्या देवळाला हात जोडत होती.

दवाखान्यात बऱ्याच तपासण्या झाल्या, रक्त मुंबईला गेलं. निकाल आला त्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांना आत बोलावलं. वयस्कर, शांत माणूस होता. मोबाईल पाहिल्यानं असं होत नाही, हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. पोरीच्या रक्तात शिसं सापडलं होतं, आणि ते इतकं होतं की एवढ्या लेकराच्या रक्तात एवढं शिसं त्यांनीही पाहिलं नव्हतं. मग ते विचारत गेले. घराला नवा रंग दिला का? काजळ कुठलं घालता? कुणाकडचं झाडपाल्याचं औषध चालू आहे का? घराजवळ बॅटऱ्यांचं, भंगाराचं काम चालतं का?

मनोजनं किसनरावाच्या वावराचं सांगितलं. पण ते दोन वावरं पलीकडं आहे, पोरगी तिकडं कधी गेली नाही, असंही म्हणाला.

"तिथून घरात काही येतं का?" डॉक्टरांनी विचारलं. "मोबाईलच्या आतल्या डागातच शिसं असतं. धूळ म्हणा, कपडे म्हणा, काहीही."

मनोजनं नाही म्हणून मान हलवली. मंजुषाचं डोकं पोरीच्या बिछान्याकडं वळलेलं होतं. माणिकबाई भिंतीला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यासमोर ते घमेलं आलं. मागोमाग गाळायचं फडकं आलं, ओसरीवर उघडलेलं एवढंसं तोंड आलं, आणि आपलं बोट आलं. ती गप्प राहिली असती तर त्या घटकेला तरी कुणाला काही कळलं नसतं. पण पोरीचं औषध त्यावर अडलं होतं, आणि माणिकबाई काहीही असली तरी लपवणारी बाई नव्हती.

"राख येते," ती म्हणाली. "मी आनवतो. भांडे घासतो तिनं. अन् हिचे दात. रोज सकायी मीच घासून देतो, ह्या बोटानं."

डॉक्टर रागावले नाहीत, उलट तिला बसायला खुर्ची दिली. ते तिला शिव्यांपेक्षा जड गेलं. त्यांनी समजावून सांगितलं की औषधानं रक्तातलं शिसं उतरेल, झटके थांबतील. पोरगी जगेल. पण मेंदूत जे व्हायचं ते होऊन गेलंय, त्यातलं किती परत येईल ते आज सांगता येणार नाही. मंजुषा उठली, पोरीच्या बिछान्यापाशी गेली आणि सासूकडं पाठ करून बसली. ती पाठ नंतर कित्येक महिने तशीच राहिली.

घरी परतल्यावर मनोजनं डबा, फडकं, भांडी सगळं गोण्यांत भरलं आणि सरकारी दवाखान्यात जाऊन याचं करायचं काय म्हणून विचारून आला. उत्तमराव मात्र मळ्यात गेले. ऐन बहरातल्या वांग्याच्या ओळी होत्या. त्यांनी एकेक झाड मुळासकट उपटायला सुरुवात केली. मनोज धावत गेला, त्यांचा हात धरला. तेव्हा तो न बोलणारा माणूस बोलला.

"ह्याच्यावर बी तेच राख धुरयली न? अकोल्यात कोनाकोनाच्या लेकरायनं खाल्लं अशीन, सांग."

मनोजनं हात सोडला. मग तोही उपटू लागला.

गावात बातमी फुटली तसा भंगारवाला पोती ट्रकात टाकून गेला. पलीकडच्या तालुक्यात त्याला दुसरं वावर मिळालं असं ऐकू आलं. मोबाईल काय, सगळीकडं जुने होतच असतात. किसनरावाच्या वावरात काळे डाग राहिले, तिथं गवतही उगवेना. पंचफुला एकदा माणिकबाईच्या दारात येऊन उभी राहिली, आत आली नाही. माझ्या हातानं आणून दिली, एवढंच म्हणत राहिली. तिच्या बोटांना मुंग्या यायच्या, घास हातातून सुटायचा, हे माणिकबाईनं तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. तुझंही रक्त तपासून घे, असं तिनं कळवळून सांगितलं. पंचफुला हसली. मी काय लहान लेकरू आहे का, म्हणाली, आणि तिथून जी गेली ती तिकडच्या तालुक्यात, त्याच कामावर. दुसरं काम नव्हतं.

माणिकबाईचं तोंड मिटलं. जिच्या आवाजानं गल्ली जागी व्हायची ती घरात पाहुण्यासारखी वावरायला लागली. पोरीला हात लावायला ती भ्यायची. आचल जवळ आली की पदरात हात लपवायची. तिला वाटायचं, सुनेनं एकदा भांडावं, वाटेल ते बोलावं, हाताला धरून घराबाहेर काढावं. मंजुषानं यातलं काही केलं नाही. तिनं बाजारात जाणं सोडलं आणि पोरीला उराशी धरून बसून राहिली. ताट वाढून सासूसमोर ठेवायची, पण नजर वर करायची नाही.

औषधानं रक्त निवळलं. झटके थांबले, भूक आली, गालावर थोडा रंग आला. बोलणं आलं नाही. तेव्हा डॉक्टरांनी अमरावतीतच वाचा शिकवणाऱ्या एका बाईंकडं पाठवलं. तरुण बाई होत्या, खोलीत खेळणी मांडलेली. मंजुषा आचलला घेऊन त्यांच्यासमोर बसली. माणिकबाई दाराजवळच्या बाकावर. दवाखान्याच्या वाऱ्या ती चुकवत नसे, आणि तिला कुणी ये म्हणत नसे.

बाईंनी पोरीला चित्रं दाखवली, घंटी वाजवून पाहिली, वहीत काही टिपलं. मग त्यांनी विचारलं, आधी ती किती बोलायची, कशी बोलायची? एखादा व्हिडिओ असेल तर फार उपयोग होईल. कुठून सुरुवात करायची ते कळेल.

मंजुषा खाली बघत म्हणाली, "मोबाईल हरवला." आपल्याला वाचवायला ती खोटं बोलली, हे माणिकबाईला कळलं आणि तिचा जीव चोळामोळा झाला.

मग निदान तोंडी सांगा, बाई म्हणाल्या. कुठले शब्द, कुठली वाक्यं. मंजुषा आठवायला लागली. मम्मी म्हणायची. गाणं म्हणायची. भूक लागली म्हणायची. आणि मग ती अडखळली. पोरगी बोलायची तो सगळा दिवस तिचा बाजारात गेला होता. तिच्या वाट्याला संध्याकाळचा एक तुकडा यायचा, त्यातही पोरगी पेंगुळलेली. पुढचं काही आठवेना.

"मी सांगू का?" बाकावरून आवाज आला.

बाईंनी मान हलवली. माणिकबाई जागची उठली नाही. हात पदरातच ठेवून ती बोलायला लागली, आणि बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला, नातीसारखा बोबडा झाला. इतक्या महिन्यांनी ती एवढं बोलत होती. पाऊस आला की आचल म्हणायची, आभाय गयून राहिलं, खाली बकेट लाव. आजोबांना म्हणायची, उत्तमलाव, तुमाले बोलता नाई येत का, मी शिकवू का? एकदा वांग्याचा काटा टोचला तर वांग्यालाच म्हणाली, मी तुह्या मम्मीले नाव सांगतो. वाचा शिकवणाऱ्या बाई भराभर लिहून घेत होत्या.

"अन् दुपारी झोपाच्या आधी रोज म्हने," माणिकबाईचा आवाज इथं फुटला, "आजी, मम्मी आली का मले उठवजो. मी झोपली असली तरी उठवजो. रोज म्हने. अन् हे आली का दमून आली म्हनून मी नाई उठवो. पोरगी आपल्या मनानं उठे तवा अंधार पडे."

मंजुषानं तोंडावर पदर घेतला. माणिकबाईला वाटलं, आपण पुन्हा घाव घातला, आणि ती जायला उठली.

"बसा, आत्याबाई," मंजुषा म्हणाली. राखेचं कळलं त्या दिवसानंतर तिनं सासूला पहिल्यांदाच हाक मारली होती. "अजून सांगा. जे जे म्हने ते सगळं सांगा."

माणिकबाई पुन्हा बसली. डोळे पुसून तिनं तो बारीक आवाज परत लावला आणि सांगत राहिली. आचल आईच्या मांडीवरून मान वळवून तिच्याकडं बघत होती. ऐकता ऐकता ती मध्येच खुदकन हसली, आणि आईची बाही ओढून आजीच्या तोंडाकडं बोट दाखवू लागली, ही पोरगी कोण म्हणून विचारावं तसं.